रा. रा. 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' यांस अनावृत पत्र

मुक्काम : इनडिझाइन, पीडीएफ एक्स्पोर्टची यादी



दिवाळी अंकांचा हंगाम आला की डीटीपीच्या खोल्यांत तुमचीच चलती असते, म्हणून हा पत्रप्रपंच. तुमच्या शेजारी 'प्रेस क्वालिटी' नावाचे गृहस्थ राहतात. छपाईचं काम खरं त्यांचं. पण त्यांची फाइल अंगाने भरलेली, ई-मेलच्या 25 एमबीच्या मर्यादेत ती काही मावत नाही. रात्री साडेअकराला संपादक विचारतात, "पाठवली का?" मग ऑपरेटर निमूटपणे तुमच्या नावावर क्लिक करतो आणि अख्खा अंक सडपातळ होऊन मोबाइलवर येतो.

तुमचा कारभार साधा आहे. रंगीत चित्रात इंचाला दीडशेहून जास्त पिक्सेल दिसले की ते शंभरावर आणायचे. फोटो इंचाला 300 पिक्सेलचा असेल, तर आडवे दोन तृतीयांश गेले, उभेही तेवढेच गेले. दर नऊ पिक्सेलमागे एक उरला. त्या उरलेल्यावर हलक्या प्रतीच्या जेपीईजीचा रंधा फिरतो. ज्येष्ठ साहित्यिकांच्या सुरकुत्या तुम्ही विनामूल्य घालवता, हे उपकारच. व्यंगचित्रकाराचं मात्र अवघड होतं. जेपीईजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं, त्यामुळे त्याच्या स्वच्छ काळ्या रेषेभोवती करड्या ठिपक्यांची दाटी होते. वर रंगही तुम्ही आरजीबीत नेऊन ठेवता. प्रेसला लागतो सीएमवायके.

अक्षरं तेवढी शाबूत राहतात. फॉन्ट म्हणजे वक्ररेषांचं गणित, तिथे तुमचा हात पोचत नाही. खरा घात इथेच होतो. मुद्रितशोधक मजकूर वाचतो, तो लखलखीत असतो. फोनच्या पडद्यावर फोटोही बरे दिसतात. फोटो फाटल्याचं कळतं ते आर्टपेपरवर, आणि तोवर प्लेटी मशीनवर चढलेल्या असतात.

सगळं खापर तुमच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणार नाही. तुटलेल्या लिंकची सूचना समोर येताच न वाचता 'ओके' दाबणारे आहेत. अशा वेळी प्रेस क्वालिटीच्या हातीसुद्धा मूळ फोटो लागत नाही, पडद्यावरची झलकच छापायला जाते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पूर्ण पानावर ताणणारे आहेत. फोटोशॉपमध्ये 72 पुसून 300 लिहिलं की फोटो सुधारतो, असं मानणारे तर निव्वळ श्रद्धाळू. (नव्याने भरलेले पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजाने काढलेले असतात, फोटोत न टिपलेली पापणी त्यांतून उगवत नाही.) तुम्ही निदान आपला हेतू नावातच जाहीर केला आहे. तो वाचूनही तुम्हाला निवडणाऱ्याला तक्रारीला तोंड नाही.

तेव्हा विनंती एवढीच. संपादकांना, लेखकांना, जाहिरातदारांना दाखवायची प्रत तुम्हीच काढा, त्या कामाला तुमच्याइतकं लायक कोणी नाही. प्रेसला जाणारी फाइल शेजाऱ्यांकडे सोपवा. ती पेनड्राइव्हवर घालून कोणीही स्कूटरवरून नेऊन देईल. आणि तुमच्या हातच्या फाइलच्या नावात कृपा करून 'फायनल' हा शब्द कोणाला घालू देऊ नका.

आपला,
अंक विकत घेऊन वाचणारा एक वाचक