तळ्याला पैसा, जाळ्याला काय?

10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस. 1957 साली याच तारखेला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर मत्स्यबीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. आज तळ्यातला मासा ताटात येतो तो त्या प्रयोगामुळे.

त्याच जुलै महिन्यात, 2022 साली, नागपूरजवळच्या कामठी तालुक्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. कोराडी वीज केंद्राची राख शेतांतून वाहत कोलार आणि कन्हान नदीत उतरली. नदीतल्या माशांचा तो विणीचा हंगाम होता.

माशाला राख चालत नाही, हे सांगायला मत्स्यतज्ज्ञ लागत नाही. कल्ल्यांत गाळ बसला की श्वास कोंडतो, तळाशी थर बसला की खाद्य मरतं. कन्हानचं पाणी नागपूरच्या नळाला जातं, म्हणून त्या राखेची निदान बातमी तरी झाली.

जाळं टाकणाऱ्याच्या चुलीची बातमी कुणी केली?

वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचं. मत्स्यव्यवसाय विभागही राज्य सरकारचाच. एक हात तळं खोदायला अनुदान देतो, दुसऱ्या हाताची राख नदीत जाते. या दोन फायली एका टेबलावर कधी येतात का?

नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत होडीला मदत आहे, जाळ्याला आहे. बुडालेल्या मासेमारीला नाही. आणि राखेचा बंधारा फुटणं ही तर नैसर्गिक आपत्तीही नाही!

आता योजनेकडे वळू. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 साली आली, 20,050 कोटींची. तळ्यातली उत्पादकता हेक्टरी 3 टनांवरून 5 टनांवर न्यायची आणि मच्छीमाराचं उत्पन्न दुप्पट करायचं, ही तिची उद्दिष्टं. दोन्ही चांगली. फक्त दोन्ही एकच आहेत असं समजणं चूक आहे.

टन वाढले म्हणजे रुपये वाढले, हे कुठल्या बाजारात घडतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व विदर्भातली तळी आटायला लागतात. पाणी कमी झालं की सगळे एकदमच जाळी ओढतात. त्याच आठवड्यात आंध्रची मासळी थर्माकोलच्या पेट्यांत, बर्फात बसून नागपूरच्या भोईपुरा मासळी बाजारात आलेली असते. तिला घाई नसते. आपल्या माणसाजवळ बर्फ नाही, साठवण नाही, संध्याकाळपर्यंत विकणं भाग. भाव कोण ठरवणार? अडत्या.

टन वाढले. भाव पडला. सरकारी तक्त्यात यश, घरात उधारी.

अनुदानाचं गणितही बघा. नव्या तळ्याला हेक्टरी 7 लाखांचा खर्च धरला आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के. ऐकायला छान. पण आधी काम करायचं, स्वतःचा पैसा घालायचा, मग अनुदान खात्यात येणार. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा आहे, त्यालाच मदत मिळणार असेल तर ती गरिबाची योजना कशी?

शिवाय जमीन हवी. सातबारा नसेल तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार हवा. विदर्भात पिढ्यानपिढ्या मासे कोण धरतं? ढिवर, भोई, कहार. त्यातल्या किती घरांकडे सातबारा आहे?

मासे कळणाऱ्याकडे जमीन नाही. जमीन असणाऱ्याला मासे कळत नाहीत. योजना दुसऱ्याला शोधत जाते.

ढिवराकडे काय असतं? तलावाचा ठेका. तोही सहकारी संस्थेच्या नावे, साधारण पाच वर्षांसाठी. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेच्या तलावांवर जिल्हा परिषद, त्यावरच्यांवर मृद व जलसंधारण नाहीतर जलसंपदा विभाग, गावतळ्यावर ग्रामपंचायत. पाणी शेतीसाठी सोडायचं कधी, हे ठरवणारा एक. मासे कधी टाकायचे, हे सांगणारा दुसरा. ठेक्याची रक्कम घेणारा तिसरा. तळ्यात मरणारा मासा मात्र एकाच संस्थेचा.

ठेका संपायला दोन वर्षं उरली असतील तर तळ्याचा गाळ कोण काढेल? बांधावरची बेशरमाची झुडपं कोण उपटेल? फायदा पुढच्या ठेकेदाराचा होणार असेल तर कुदळ उचलायची कशाला?

याला आळस म्हणायचा नाही. हा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

बीजाकडे या. इथेच उत्पन्न बनतं किंवा बुडतं. अंड्यातून निघालेलं मत्स्यजिरं, मग मत्स्यबीज, मग बोटभर लांबीची बोटुकली. जितकं लहान बीज, तितकं स्वस्त, आणि तितकं जास्त मरतं. मोठ्या माशांचा तो घास. ज्या तळ्यात पाणी सहा-सात महिनेच टिकतं, तिथे मोठी, वाढलेली बोटुकलीच टाकायला हवी, तीही जुलै-ऑगस्टमध्ये. उशिरा आलेलं जिरं मार्चपर्यंत तळहाताएवढंही होत नाही.

मग योजनेत काय मोजलं जातं? नग. इतके लाख बीज संचयन. आकार कोण विचारतो? तारीख कोण लिहितो?

बीज मोजतात कसं, तेही एकदा उभं राहून बघावं. एका चाळणीतलं बीज नगानग मोजतात, पुढे फक्त चाळण्या मोजतात. पहिली चाळणी दाबून भरली की विरळ, यावर सारा हिशेब. ती पहिली चाळणी मोजताना संस्थेच्या सभासदाला शेजारी बसवलं तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आणि सोडण्याची पद्धत. ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानाला येऊ द्यायचं, मग तोंड सोडायचं. कार्यक्रमाला पाहुणा असला की पिशवी थेट उलटी होते. कॅमेऱ्याला पंधरा मिनिटं थांबायला वेळ नाही.

पिल्लांना झटका बसतो. छायाचित्र छान येतं.

हे कळणारी माणसं नाहीत का? नागपुरातच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, 2000 सालापासून. मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला. कामठीहून तासाभराचं अंतर. मुलं शिकतात, परीक्षा देतात, उत्तम गुण मिळवतात. त्यातला एक विद्यार्थी दर पावसाळ्यात एका संस्थेच्या तळ्यावर राहिला तर? पाण्याचा सामू, ऑक्सिजन, बीजाचा आकार, एवढंच वहीत लिहिलं तर?

काही अवघड नाही. कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

उदाहरणं लांब शोधायची गरज नाही. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर संस्थांना सोबत घेऊन माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले, तलाव पुन्हा उभे केले. बेशरम उपटली, कोरड्या पडलेल्या तळात नांगर फिरवला, पाणवनस्पती हाताने लावल्या. स्थानिक जातींच्या माशांना लपायला, अंडी घालायला जागा मिळाली. त्यांनी सुरुवात ढिवरांना विचारून केली: या तळ्यात पूर्वी काय उगवायचं, कुठला मासा कुठे अंडी घालायचा?

लाखांची बायोफ्लॉक टाकी नाही. ज्याला तळं माहीत आहे त्याला विचारलं.

आता बायांचं. जाळं पुरुष टाकतात; मासे निवडणं, साफ करणं, टोपली घेऊन रस्त्याकडेला बसणं बायांचं. घरात रोख येते ती बाईच्या टोपलीतून. पण संस्थेच्या सभासद यादीत बहुतेक नावं कुणाची? महिलेला 60 टक्के अनुदान आहे, पण तिचं नाव ना जमिनीवर, ना ठेक्यावर. मग अर्जावर सही तिची, निर्णय दुसऱ्याचा. तिला तळं नकोच आहे कदाचित. तिला बर्फाची पेटी हवी, सावली हवी आणि पोलिसाने न उठवलेली चार फूट जागा हवी.

चार फूट! हेक्टरी 7 लाख मोजणाऱ्यांना तेवढं जड जातं?

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं, उशिरा का होईना. कृषी दराने वीज, कर्जात सवलत, विमा यांची वाट त्यामुळे मोकळी होते. पण वीज कुणाला लागते? ज्याचा पंप आहे, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर आहे त्याला. नदीच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्याकडे मीटरच नाही. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही खुलं आहे. बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न? सातबारा आणलाय का?

आणि त्या नदीची अवस्था? कन्हानची रेती उपसून डोह बुजले, काठ ढासळले. उन्हाळ्यात मासा तगतो तो डोहात. डोहच गेला तर पुढच्या पावसात वीण कोण देणार? मत्स्य विभाग बीज टाकतो, रेतीचे ट्रक बीजाचं घर उचलून नेतात. त्या ट्रकला मत्स्य विभागाची परवानगी लागत नाही.

लागायला हवी.

तोवर एक काम ताबडतोब होण्यासारखं आहे. कामठी पंचायत समितीच्या भिंतीवर एक फळा लावा. संस्थेचं नाव, बीज आलं त्याची तारीख, बीजाची लांबी, विकलेले किलो, मिळालेला भाव, प्रत्येक सभासदाच्या हाती पडलेली रक्कम. शेवटचा रकाना सगळ्यात मोठ्या अक्षरात. आणि तो भरायचा अधिकाऱ्याने नव्हे, संस्थेच्या सभासदांनी, महिलांना समोर बसवून.