जुन्या झिऑनचा खुराक
"भावा, सर्व्हरचा प्रोसेसर हाय, नाद करायचा न्हाई!" कोल्हापुरात जुना झिऑन खपवायला एवढं वाक्य बास होतं. २०१२ सालचा इंटेलचा ई५-२६७०, आठ कोर, नवा होता तेव्हा दीड हजार डॉलरच्या वरचा. डेटा सेंटरनं भंगारात काढला, की काही शे रुपयांत आपल्या पदरात. मग त्याला बसेल असा मदरबोर्ड हुडका. पोटात ग्राफिक्स नाही, म्हणून वेगळं कार्ड घ्या. स्वस्ताई इथवर येता येता निम्मी संपते.

उरलेली महावितरण बघून घेतं. निवृत्त पैलवानाची कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. तसे याचे ११५ वॉट. पूर्ण भारावर रात्रंदिवस चालवला तर महिन्याला ऐंशीवर युनिटं एकटा खातो. आणि २०२२ चा चार कोरांचा आय३-१२१०० साठ वॉटच्या बोलीवर याला आरामात चितपट करतो, ग्राफिक्स फुकट!

पण कोर मोजायची हौस दांडगी. जीएसटीचं बिल काढताना त्यातला एखादाच कोर राबतो, बाकीचे सात कट्ट्यावर बसून असतात, हे कोण सांगणार?

व्हिडिओ रेंडर करायचे असतील, एका यंत्रात पाच आभासी यंत्रं चालवून शिकायचं असेल, तर २०१६ चा चौदा कोरांचा ई५-२६८० व्ही४ खुशाल घ्या. दुकानाच्या बिलांना आय३ पुरतो.