नंदी पहलगामला, बॅगा घोड्यावर

अमरनाथाची कथा अशी सांगतात. पार्वतीला अमरत्वाचं गुपित सांगायचं, तर ते ऐकायला तिसरं कोणी नको, म्हणून शंकर गुहेकडे निघाले आणि वाटेत जवळचं एकेक मागे ठेवत गेले. पहलगामला नंदी सोडला. चंदनवाडीला जटेतला चंद्र उतरवला. शेषनागच्या तळ्याकाठी गळ्यातले नाग, महागुणसच्या खिंडीत चक्क पोटचा गणपती आणि पंचतरणीला पंचमहाभूतं. सामान कमी कसं करावं, याचं टप्प्याटप्प्याने प्रात्यक्षिक खुद्द देवाने करून दाखवलं, ते याच वाटेवर.

आता याच वाटेने आमच्या सोसायटीतले भाविक निघाले आहेत. त्यांच्या सामानाची यादी चार रंगांत आहे.

यादी तळमजल्यावरच्या काकांनी केली. काका बँकेत ऑडिटला होते, त्यामुळे लाल म्हणजे 'अत्यावश्यक', पिवळा म्हणजे 'आवश्यक', हिरवा म्हणजे 'असल्यास बरे' आणि निळा म्हणजे 'काकू म्हणतात म्हणून'. निळा रकाना सर्वांत लांब आहे. त्यात इस्त्रीच्या दोन चादरी, पाटा-वरवंट्याच्या जागी छोटा मिक्सर (तंबूत प्लग असला तर), हळदीकुंकवाचे करंडे, वाटेत भेटणाऱ्या सवाष्णींसाठी ब्लाउजपीस आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आहे. पिशवीत घालायचं गरम पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न मी विचारला. काकूंनी माझ्याकडे नास्तिकाकडे पाहावं तसं पाहिलं.

गेले कित्येक रविवार काकांच्या डायनिंग टेबलावर या सामानाचं प्रदर्शन मांडलेलं आहे. माकडटोप्या, थर्मलचे जोड, पोंचो, हातमोजे, हातमोज्यांच्या आत घालायचे हातमोजे. एकेक जण येतो, वस्तू उचलतो, 'हे कशाला?' असं विचारतो, आणि उत्तर ऐकून घरी जाऊन तीच वस्तू मागवतो. यादीतून एखादी वस्तू कमी झाल्याची नोंद अजून नाही. कोणी काही काढायला सुचवलंच, तर काकू म्हणतात, "असू दे हो, तिकडे काही मिळत नाही." पहलगामच्या बाजारात लोकरीच्या मोज्यांपासून काठ्यांपर्यंत सगळं टांगलेलं असतं, हे सांगून उपयोग नाही. तिकडे काही मिळत नाही, ही मराठी माणसाची प्रवासातली मूळ श्रद्धा. अमरनाथावरची श्रद्धा त्यानंतरची.

बुटांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. काकांनी घोट्याच्या वर येणारे भारी ट्रेकिंगचे बूट घेतले आहेत. ते खोक्यात आहेत. मळू नयेत म्हणून ते थेट चंदनवाडीला काढायचे आहेत. नवे बूट महिनाभर घालून पायाला सरावाचे करावे लागतात, नाही तर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतात, हे त्यांना दुकानातल्या मुलानेही सांगितलं होतं. काका त्याला म्हणाले, "तुझं वय काय?" तिथे चर्चा संपली.

अमरनाथ यात्रेचा कारभार पाहणाऱ्या श्राइन बोर्डाने यात्रेकरूंसाठी सूचना काढलेल्या आहेत आणि त्या काकांनी ग्रुपवर टाकल्याही होत्या. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. हात जोडून झाल्यावर सूचना कोणी वाचल्या नाहीत. त्यात लिहिलंय की, यात्रेच्या निदान महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चालायला लागा. खोल श्वास घ्या, प्राणायाम करा. पायात स्लीपर नको. साडी या वाटेला सोयीची नाही, सलवार-कमीज किंवा ट्रॅकसूट घाला. आणि छत्री न्यायचीच, तर डोक्यावर इलॅस्टिकने बसणारी, हनुवटीखाली अडकवायची अशी न्या. एवढ्या सूचनांपैकी आमच्या मंडळींनी एकच मनावर घेतली. सोसायटीत सध्या टोपीवजा छत्र्या घालून सेल्फी निघताहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गुहेसमोरच्या फोटोसाठी पैठणी घेतली आहे, ती ट्रॅकसूटवरून नेसणार आहेत. नियम पाळल्यासारखाही होईल आणि फोटोही होईल.

चालण्याचं मात्र कोणी मनावर घेतलेलं नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, आणि दिवे गेले की यात्रेला निघालेले सगळे भाविक खाली बाकावर बसून वीज यायची वाट पाहतात. पुण्यात पर्वती आहे, तिला शंभरावर पायऱ्या आहेत, फुकट आहेत. सिंहगड आहे. यांतलं काही सुचवलं की काका म्हणतात, "शक्ती राखून ठेवतोय."

ज्या उंचीसाठी ही शक्ती राखून ठेवली जाते आहे, तिचा हिशोब साधा आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. गुहा आहे जवळपास ३,९०० मीटरवर, आणि पहलगामच्या वाटेने जायचं तर मधली महागुणसची खिंड ४,२०० मीटरच्याही वर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. यावर शरीराचा उपाय एकच: हळूहळू चढायचं, मधे मुक्काम करून अंगाला सवय लावायची, पाणी पीत राहायचं, आणि डोकं फारच दुखू लागलं, श्वास पुरेना, की हट्ट सोडून खाली उतरायचं. आमच्या ग्रुपचा उपाय म्हणजे कापराची पुरचुंडी. कापूर, लवंग आणि ओवा फडक्यात बांधून हुंगायचं, की 'ऑक्सिजन वाढतो'. कापराने प्राणवायू वाढत नाही. वास येतो. पण पुरचुंडी लाल रकान्यात आहे आणि डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र पिवळ्यात. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याशिवाय नोंदणीच होत नाही. म्हणून ते मिळवायला मंडळी गेली तीही लिफ्टने.

आता खाणं. २०२३ साली बोर्डाने यात्रामार्गावरच्या लंगरांसाठी आणि दुकानांसाठी पदार्थांची यादीच काढली. पुरी, भटुरे, समोसे, भजी, जिलेबी, गुलाबजाम, लोणचं, तळलेला पापड, थंड पेयं हे सगळं बंद. पोहे, खिचडी, साधी पोळी, भाजलेला पापड, चिक्की, तिळाचा लाडू चालेल. आजवर सरकारी कागदावर पोह्यांचा एवढा सन्मान झालेला माझ्या पाहण्यात नाही. पण आमच्या वहिनींच्या डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजणीच्या चकल्या, तुपातले बेसनलाडू, चिवडा आणि कैरीचं लोणचं, म्हणजे बंदी असलेल्या यादीची घरगुती मराठी आवृत्ती. विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊजी, तो नियम लंगरला आहे. आपल्या डब्याला नाही." कायदेशीर मुद्दा बिनतोड आहे. तेलकट पोटाने महागुणस चढताना तो कोणापुढे मांडायचा, एवढंच ठरायचं आहे. या सगळ्यात आलेपाकाच्या वड्या तेवढ्या खरोखर कामाच्या, आणि त्या नेमक्या काकांनी आत्ताच संपवत आणल्या आहेत.

थट्टा जरा बाजूला ठेवतो, कारण या सूचनांना इतिहास आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये ऐन यात्रेत अवकाळी बर्फ आणि पाऊस कोसळला आणि थंडीने, थकव्याने २४० हून अधिक माणसं वाटेतच गेली. त्यानंतर नितीश सेनगुप्ता समिती बसली, यात्रेकरूंची संख्या, वय, प्रकृती यांवर बंधनं आली आणि पुढे २००० च्या कायद्याने श्राइन बोर्ड आलं. तेव्हा गरम कपडे आणि पावसाचे अंगरखे नेऊ नका, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. ते न्यायचेच, आणि ओले होणार नाहीत असे बांधून न्यायचे. तक्रार मिक्सरबद्दल आहे.

मिक्सरच्या पुढचा प्रश्न, तो वाहणार कोण? याचं उत्तर काकूंकडे तयार आहे: "घोडा आहे की!" घोडा आहे, पालखी आहे आणि पाठीवर ओझं वाहणारा पिठ्ठूही आहे. आपल्याला जिथे नुसतं स्वतःला वर नेणं जमत नाही, तिथे हा माणूस स्वतःसकट आपल्या चकल्या वर नेतो. आपण त्याच्या मागून धापा टाकत चालतो आणि दर वळणावर त्याला सांगतो, "सावकाश, आत काचेची बरणी आहे." संध्याकाळी तंबूत त्याच्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस होते, आणि ती मिटली की सत्संग सुरू होतो. विषय वैराग्य.

इथे कोणी म्हणेल, आपल्या वारकऱ्यांकडे पाहा, खांद्यावर पताका, हातात टाळ, बस. वारकऱ्यांचे फार गोडवे गाऊ नयेत, दिंडीमागे सामानाचा ट्रक असतो आणि असायलाच हवा. पण वारकरी ट्रकमध्ये भरतो ते रोजचं अंथरूण आणि शिधा. 'लागलं तर' या नावाखाली अख्खा माळा तो पंढरपूरला नेत नाही. शिवाय तो चालतो, आणि चालण्याची शक्ती राखून ठेवत नाही.

आमच्या यात्रेत सामानाचं टप्प्याटप्प्याने विसर्जन होणारच आहे, फक्त देवासारखं ठरवून नाही. चार चाकांच्या बॅगेचं पहिलं चाक चंदनवाडीच्या दगडांत जाईल. चंदनवाडीपुढच्या पिस्सूच्या चढाला तुपातले लाडू पिठ्ठूला देऊन टाकण्याचा उदारपणा सुचेल. शेषनागला पैठणीची घडी उशी म्हणून वापरात येईल. महागुणसला पोटचा मुलगा मागे राहिला, तर तो स्वतःच्या पायाने हळू चालतोय एवढंच त्याचं कारण असेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

तेव्हा यंदा निघणाऱ्यांना एवढंच सांगणं: बॅग भरण्याआधी महिनाभर जिने चढा. बूट आजच खोक्यातून काढा. वाहून न्यायचं ते एका सॅकमध्ये मावेल एवढंच घ्या, आणि ती सॅक उचलून घराच्या गच्चीपर्यंत एकदा जाऊन या. घोडा आणि पिठ्ठू नोंदणी केलेलाच घ्या, प्रशासनाने ठरवलेला दर असतो, तो पूर्ण द्या. ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि यात्रेचं कार्ड अंगावर ठेवा, बॅगेत नको. आणि गुहेतून थेट व्हिडिओ कॉल करायचं ज्यांनी साऱ्या नातेवाइकांना कबूल केलंय, त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना, जी काकांच्या चारही रंगांत नाही: बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही.