वाटेवरच तर आहे!

"वाटेवरच तर आहे," नवरा म्हणाला.

"कुणाच्या?" बायकोनं विचारलं.

नाताळची सुट्टी होती, गाडी पुण्याहून गोव्याला निघाली होती, खेड-शिवापूरच्या नाक्यावर रांग लागली होती, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं तो नवऱ्याचा जिवलग मित्र रत्नागिरीला राहत होता. शाळेत भूगोलाच्या तासाला जागे राहिलेल्यांना एवढ्यावर गोम कळावी. हा महामार्ग सह्याद्रीच्या पूर्वेकडून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत दक्षिणेला जातो. रत्नागिरी पलीकडे, समुद्राला लागून. कोल्हापूरपर्यंत जायचं, तिथून आंबा घाट उतरून सव्वाशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, आणि मग मुंबई-गोवा महामार्गानं पुन्हा खाली. आंबोलीवरून नीट गोव्यात उतरण्यापेक्षा हा फेरा दीडशेच्या आसपास किलोमीटरनं लांब पडतो.

"टोलची तर काळजीच नको," नवरा म्हणाला. "पास काढलाय."

१५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघाला. तेव्हा त्याला ३००० रुपये पडायचे, आणि वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. एका नाक्याला पंधरा रुपये पडतात, हा हिशेब नवऱ्यानं सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा समजावून सांगितला होता. तेव्हापासून तो बुफेचं ताट घेतलेल्या माणसासारखा गाडी चालवत होता. पैसे भरलेत ना, मग घ्या अजून एक नाका.

"२०० नाके वर्षात संपवायचे म्हणून रत्नागिरी?"

"तो भाग वेगळा. मित्र आहे माझा. जिवाभावाचा. आणि जायचं किती, तर अर्धा तास. चहा घ्यायचा, निघायचं."

"मागच्या वेळी अर्ध्या तासासाठी गेलात तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवून निघालात."

"तो सोडतच नाही ना!"

"मग तो अर्धा तास कसा?"

मागच्या सीटवरून आजींनी पुस्ती जोडली, "आपल्याकडे यायचा तेव्हाही असाच. चार-चार दिवस. आणि आंघोळीला दोन बादल्या."

"आई!"

"मी काही म्हटलं का? पोरगा चांगला आहे. पाणी जास्त लागतं एवढंच."

कापूरहोळ आलं. नवऱ्यानं उजव्या हाताचा फाटा दाखवला. "इथून भोर. पुढे वरंध घाट, खाली महाड. तिथून रत्नागिरी."

"म्हणजे इथूनही तो वाटेवरच?"

"म्हटलं तर आहेच."

खंबाटकी चढताना धाकट्याच्या पोटात ढवळायला लागलं, त्याला लिंबू हुंगायला दिलं, पिशवी हाताशी ठेवली, आणि त्या गडबडीत विषय बारगळेल असं वाटत होतं. पण घाट उतरल्यावर सुरूरचा फाटा आला. इथून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटानं पोलादपूर. नवऱ्यानं तोंड उघडलं तेवढ्यात बायको म्हणाली, "असू दे. कळलं."

आनेवाडीचा नाका गेला. साताऱ्याला कंदी पेढे घेतले. मित्रासाठी दोन डबे. तासवड्याचा नाका गेला, आणि कऱ्हाड जवळ आलं तसा नवरा पुन्हा सरसावून बसला. "गुहागर-विजापूर रस्ता इथंच छेदतो. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, की खाली चिपळूण! खरं म्हणजे हाच जवळचा."

"एक सांगा," बायको म्हणाली, "हा तुमचा मित्र रत्नागिरीत राहतो, की सह्याद्रीतल्या प्रत्येक घाटाच्या तोंडाशी त्याची एकेक खोली आहे?"

न्यायानं बोलायचं तर नवऱ्याचा भूगोल चुकीचा नव्हता. या महामार्गावरून पश्चिमेला जो-जो मोठा फाटा निघतो तो शेवटी कुठल्या ना कुठल्या घाटानं कोकणातच उतरतो. वाहनं नव्हती तेव्हा याच वाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ-तांदूळ वर यायचे, गूळ आणि धान्य खाली बंदरांकडे जायचं. ज्याला कोकणात जायचंच आहे, त्याला देशावरचा कुठलाही फाटा चालतो. गाडीतल्या बाकी चौघांना गोव्याला जायचं होतं, एवढीच काय ती अडचण.

बायको शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, हे नवऱ्याचं प्रवासातलं कायमचं दुर्दैव.

"कऱ्हाडला बघ," ती लेकीला म्हणाली, "कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगम म्हणतात तो. आणि भेटल्यावर दोघी मिळून पूर्वेला वळतात. एक म्हणते म्हणून दुसरी फरपटत जात नाही."

"टोमणा कळला," नवरा म्हणाला.

"टोमणा कसला? अभ्यासक्रमात आहे."

एवढ्यात मित्राचाच फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, त्यामुळे पाचही जणांनी ऐकला.

"कुठवर आलायस रे? ये, ये! पाच माणसं म्हणजे काय गर्दी आहे का? जेवायलाच या. ही करेल काहीतरी. थांब, मोदक करायला सांगतो. उकडीचे!"

मागे कुठंतरी भांडं आपटल्याचा आवाज झाला. ते पडलं की ठेवलं, यावर गाडीत मतभेद आहेत.

"ऐकलंत?" फोन बंद झाल्यावर बायको म्हणाली. "ही करेल. दोस्ती तुमची, उकड तिची. आपण पोचणार दुपारी दोन-अडीचला. पाच पाहुणे, घरचे चार. पाणी उकळायचं, त्यात पिठी वैरायची, वाफ आणायची, आणि हात पोळत असताना ती मळायची. गार झाली की चिरा जातात. मग एकेका पारीला चिमटून चिमटून पाकळ्या. तुम्ही दोघं तोवर झोपाळ्यावर बसून हॉस्टेलच्या मेसमधली आमटी आठवणार."

"तिला आवडतं करायला."

"तिनं सांगितलं?"

"त्यानं सांगितलं."

समोर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातहात बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, पुढे ट्रॅक्टरवर गाणी मात्र ठणाणा. डिसेंबरात कऱ्हाड ते कोल्हापूर हा रस्ता निम्मा साखर कारखान्यांचा असतो. त्याच्या मागून रांगत जाताना नवऱ्यानं डाव बदलला.

"मुलांना काही बघायला मिळेल. थिबा पॅलेस दाखवू. ज्ञानात भर."

"थिबा कोण?" लेकीनं विचारलं.

हा प्रश्न बायकोच्या घरचाच होता. "ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकलं, त्याला राणीसकट जहाजात घातलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. तोवर बिचारा दुसऱ्यांच्या बंगल्यात. १९१६ मध्ये तिथंच वारला."

"पण रत्नागिरीच का?"

"इंग्रज हुशार. मंडालेहून निघालेल्या कुणाच्याही वाटेवर नसेल असं गाव शोधलं त्यांनी."

लेक खो खो हसली. आजींनाही हसू आलं, पण मुलगा गाडी चालवतोय म्हणून त्यांनी ते पदराआड घेतलं.

"आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्यांनी मंडालेला ठेवलं," नवरा हार न मानता म्हणाला. "१९०८ ते १९१४. म्हणजे ये-जा होतीच की!"

हा मुद्दा बायकोनं मान्य केला. चांगला होता. ती म्हणाली, "पण तिथून पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. काम निघालं तेव्हा ही आपली लेक रांगत होती, आता ती आपल्याला नकाशा वाचून दाखवतेय. संध्याकाळी त्या रस्त्यानं निघून गोव्याला कधी पोचायचं? आजच्या रात्रीचं हॉटेलचं भाडं भरलंय. नाताळातलं."

"नाही पोचलो तर त्याच्याकडे राहू."

"बघा. चहापासून मुक्कामापर्यंत आलोच."

नवऱ्यानं उसाच्या दुसऱ्या ट्रॉलीला ओलांडलं आणि पहिल्यांदा जरा गंभीर आवाजात म्हणाला, "अगं, ठरवून जाणं होत नाही ग. दर वर्षी म्हणतो, मेमध्ये जाऊ, आंब्याच्या दिवसांत जाऊ. त्याला सुट्टी नसते, मला नसते. जे काही भेटलोय ते असं येता-जाताच भेटलोय. नाहीतर एकदम कुणाच्या तरी तेराव्याला भेट व्हायची."

गाडीत क्षणभर कुणी बोललं नाही. वाक्य खोटं नव्हतं.

"मग ठरवा," बायको म्हणाली. तिचाही आवाज खाली आला होता. "जिवलग म्हणता ना, मग त्याच्याकडे म्हणून जा. चार दिवस जा, एकटे जा. मी डबा भरून देते, पेढे देते. पण गोव्याला जाता जाता त्याला उरकू नका. एक डोळा घड्याळावर, पोरगं ओकतंय, आईंचे गुडघे धरलेत, मी मनात हॉटेलचं भाडं मोजतेय. याला काय भेट म्हणायचं?"

नवरा काही बोलला नाही. इथं तो थांबला असता तर दिवस निभावला असता. पण किणीचा नाका आला, फास्टॅगनं टुण् केलं, पासाची आणखी एक फेरी वसूल झाली, आणि त्या आनंदात तो म्हणाला, "असं करू. वाठारला उजवीकडे वळू. वारणानगर, कोडोली, बांबवडे. सरळ मलकापूरच्या रस्त्याला लागतो. वेळही वाचेल. कोल्हापुरात शिरायलाच नको."

"कोल्हापुरात शिरायलाच नको?"

"हो ना. ट्रॅफिक किती असतं."

"कोल्हापुरात कोण राहतं?"

नवऱ्याला आठवायला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्यांच्या लक्षात आला.

कोल्हापुरात बायकोची मैत्रीण राहते. बी.एड.ची रूम पार्टनर. तावडे हॉटेलच्या चौकातून आत वळलं की दहा मिनिटांवर घर. तिच्याकडे जायला डोंगर ओलांडावा लागत नाही, नकाशा वाकवावा लागत नाही. गोव्याला जाणारी त्यांची गाडी दर वेळी त्या चौकावरून जाते.

"अगं, तिच्याशी तू फोनवर बोलतेसच की."

"बोलते. शिरोलीचा पूल आला की लावते, कागल आलं की ठेवते. आमची भेट म्हणजे तेवढी. मागच्या खेपेला मी म्हटलं, थांबूया का? तुम्ही म्हणालात, येताना बघू. येताना अंधार पडला होता."

"मग बोलायचं ना स्पष्ट! मी कधी अडवलं तुला?"

"अडवलं नाहीत. गाडी थांबवली नाहीत."

"आता सगळं माझ्यावरच. सहा तास स्टिअरिंग मी धरायचं, वरून हेही ऐकायचं."

"द्या इकडे, मी चालवते. दर वर्षी म्हणते."

"हायवेवर?"

"शाळेत काय उडत जाते मी?"

"अरे, कुठंतरी चहाला थांबव आधी," आजी म्हणाल्या.

"आजी, आत्ता नको," लेक हळूच म्हणाली.

"आत्ताच हवा. दोघांनाही."

भांडण आता वाटेचं उरलं नव्हतं. त्यात मागच्या दिवाळीतलं काहीतरी आलं, नवऱ्याच्या बहिणीकडचं बारसं आलं, एक हरवलेली छत्री आली. धाकट्यानं शू लागल्याचं दोनदा जाहीर केलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

"वाठार गेलं," लेक म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

"छत्री चालली होती तेव्हाच. आता कोल्हापूरच."

"बिघडलं नाही," नवरा म्हणाला. "शिरोलीच्या अलीकडून शिये, भुये करत केर्लीला निघता येतं. रत्नागिरी रस्ताच तो. शहराला वळसा—"

तो बायकोकडे न बघताच थांबला.

"त्या पोरीकडे चहा मिळेल का ग?" आजींनी विचारलं.

"न विचारता मिळेल. आणि बाथरूमही."

"अर्धा तास हं," नवरा म्हणाला.

"तुमचा अर्धा तास, की घड्याळाचा?"

तेवढ्यात पुन्हा स्पीकरवर फोन वाजला. नंबर मित्राच्या घरचा होता, पण आवाज वहिनींचा. बायकोनं घाईनं स्पीकर काढून फोन कानाला लावला. "हो... नाही, अजून कोल्हापूरसुद्धा आलेलं नाही... अहो, खरंच नको. पिठी राहू दे डब्यात... अगदी. मी सांगते यांना."

"अगं, परस्पर काय सांगतेस! काय म्हणाली ती?"

"बरं झालं म्हणाली."

"आणि तो?"

"ते बाजारात गेलेत म्हणे. नारळ आणायला."