पाठीवरचं बिऱ्हाड

अमेरिकेत सायकल चालवायची तर आधी मोटार लागते. आम्ही डेट्रॉइटच्या ज्या उपनगरात राहतो, तिथे घरासमोरचा रस्ता पाच पदरी आहे. दोन पदर जाणाऱ्यांचे, दोन येणाऱ्यांचे आणि मधला ज्यांना डावीकडे वळायचंय त्यांचा. यात सायकलवाल्याच्या वाट्याला काय येतं, तर गटाराची जाळी. म्हणून इथे सायकल ही चालवत न्यायची नव्हे, चालवायला न्यायची वस्तू आहे. जिथे झाडी आहे, पाणी आहे आणि मुख्य म्हणजे ऐसपैस पार्किंग आहे, तिथवर तिला गाडीच्या मागे टांगून न्यायची, खाली उतरवायची, तासभर फिरवायची आणि पुन्हा टांगायची. पुण्यात असताना माझ्या सायकलीच्या कॅरिअरने दळणाचे डबे वाहिले, धाकटा भाऊ वाहिला, मित्राची ट्रंक वाहिली. आता सायकल कॅरिअरवर बसते आणि हप्ते मी भरतो.

हा विषय मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत निघाला, ही चूक कोणाची ते मी सांगणार नाही. मसालेभाताच्या पातेल्यापासून जिलबीच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर मला दहा जणांनी दहा सल्ले दिले होते. एक जण टपावरच्या रॅकचा कट्टर पुरस्कर्ता निघाला. टपावर सायकली ठेवल्या की मागचं सगळं स्वच्छ दिसतं, डिकी उघडते, नंबर झाकला जात नाही. हे सगळं खरं होतं. त्याच्या बायकोने वाटीत कढी घेता घेता तेवढ्याच शांतपणे पुरवणी जोडली, की टपावर सायकल आहे हे विसरून हे घरी आले, बटण दाबून गॅरेजचं दार उघडलं आणि गाडी आत घातली. गाडी गेली. सायकल दाराच्या चौकटीलाच राहिली. त्यानंतर टपपंथाचा प्रचार जिलबीपर्यंत टिकला नाही.

उरला हिच. गाडीच्या बुडाखाली चासीला बोल्टांनी आवळलेली एक पोलादी आडवी नळी आणि तिच्या मधोमध मागे तोंड करून असलेलं चौकोनी भोक, एवढंच त्याचं रूप. मुळात ही सोय ट्रेलर ओढण्यासाठीची. आपण मात्र त्यात रॅकचा दांडा खुपसतो, आरपार खीळ घालतो आणि सायकली लटकवतो. माझी समजूत होती की दुकानात जायचं, रॅक आवडला की घ्यायचा. रांगेतल्या एका जाणत्याने माझ्याकडे कीव करत पाहिलं आणि विचारलं, “तुमचं सव्वा की दोन?”

भोकाची मापं मुख्यतः दोन: सव्वा इंच आणि दोन इंच. छोट्या गाडीला सव्वा, थोराड गाडीला दोन. सव्वावाल्यांच्या हिचवर बहुतेक वेळा २०० पौंडांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, दोनवाल्यांचे हिच ५०० पौंड आणि त्याहूनही अधिक पेलतात. दोनवाल्यांच्या भोकात सव्वाचा रॅक मधे पोलादी बाही घालून बसवता येतो. उलटं करायला गेलात तर भौतिकशास्त्र आडवं येतं. थोडक्यात, दोनवाल्यांना सगळीकडे प्रवेश आहे आणि सव्वावाल्यांनी आपल्या पायरीने राहायचं. आमच्या सेदानच्या बुडाखाली मी गुडघे टेकून पाहिलं. सव्वाही नव्हतं. काहीच नव्हतं. तो हिच बाहेरून आणून बसवून घ्यावा लागला, आणि तोही अर्थात सव्वा.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या नडगीवर एक निळा डाग आहे. डिकीतून भाजीच्या पिशव्या काढायला वाकलेला माणूस हिचवर नडगी आपटल्याशिवाय घरात येत नाही.

आता रॅक. त्यातही दोन घराणी. एकात सायकली बाकावर बसवल्यासारख्या चाकांवर उभ्या राहतात, पुढच्या चाकावर एक आकडा येऊन दाबून बसतो, फ्रेमला कुणी हातही लावत नाही. दुसऱ्यात एक खांब, त्याला दोन हात, आणि त्या हातांवर सायकली दांडीने टांगायच्या. पहिलं घराणं खानदानी आणि तसंच महाग. त्यातल्या चांगल्या रॅकची किंमत पाहून बायको म्हणाली, “आपल्या तिन्ही सायकली मिळून एवढ्याच्या नाहीत.” नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. या धंद्यातल्या मातब्बर टूली कंपनीचा मूळ पुरुष स्वीडनमध्ये १९४२ साली मच्छीमारांसाठी पाइक माशाचे सापळे बनवत होता. ते वाचल्यावर किमतीचं कोडं मला बरंचसं उलगडलं.

शिवाय त्या खानदानी घराण्याचे तीन-चार सायकलींचे रॅक दोनवाल्यांसाठीच असतात. सव्वावाल्यांनी दोन सायकलींवर समाधान मानायचं. आम्ही सायकली चालवणारे तिघं. तिसरीला घरी ठेवायचं तर कोणाची, हा प्रश्न विचारण्याइतका मी नवखा नवरा नाही. वजनाचा हिशेब मांडला: सायकली तीस-तीस पौंडांच्या तीन, टांगणीचा रॅक पस्तीस पौंडांचा, एकूण १२५. दोनशेच्या आत. टांगणी घेतली.

आणि घोडं अडलं ते बायकोच्या सायकलीपाशी. टांगायला दांडी हवी. लेडीज सायकलला दांडी नसते. एकोणिसाव्या शतकात झग्यांच्या घोळाला वाट करून देण्यासाठी काढून टाकलेली दांडी एकविसाव्या शतकात जीन्स घातलेल्या माझ्या बायकोला नडली. यावर बाजारात उपाय आहे: एक नकली दांडी मिळते. लांबी कमीजास्त होणारी नळी, एक टोक सीटखालच्या दांड्याला अडकवायचं, दुसरं हँडलच्या मानेला. लागली की लेडीज सायकल तेवढ्या प्रवासापुरती जेंट्स होते.

“म्हणजे माझ्या सायकलीत काही कमी आहे का?” बायको.

“सायकलीत नाही गं, रॅकमध्ये.”

“मग दुरुस्ती सायकलीची का?” हे मुलीने विचारलं. ती कॉलेजात जेंडर स्टडीजचा एक पेपर घेते. मी नकली दांडी मुकाट्याने लावली.

त्या उन्हाळ्यात सासरे सांगलीहून आले होते. अण्णा इरिगेशन खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठेही नट-बोल्ट आवळले जात असले की त्यांना देवळात आल्याचं समाधान मिळतं. खुर्ची टाकून ते ड्राइव्हवेवर बसले. सर्वांत जड सायकल गाडीच्या अंगाशी, हलकी बाहेर, हे मी वाचून ठेवलं होतं. एकीचं तोंड डावीकडे तर दुसरीचं उजवीकडे, म्हणजे हँडलं भिडत नाहीत, हेही वाचलं होतं. हँडल हँडलला भिडलं नाही. ते दुसरीच्या सीटमध्ये घुसलं. सीट खाली केली तर पेडल तिसरीच्या आऱ्यांत. पेडल उलटं फिरवून सोडवलं तर पहिलीने मान वळवून गाडीच्या काचेवर ब्रेकचा खटका टेकवला. तीन सायकली टांगणं म्हणजे तीन जावांना एका स्वयंपाकघरात उभं करणं आहे. प्रत्येकीला थोडं थोडं वळवावं लागतं आणि कोणीही पुरतं वळत नाही.

“जावईबापू,” अण्णा खुर्चीतून म्हणाले, “ते टायर सायलेन्सरच्या तोंडाशी येतंय.”

खरंच येत होतं. धुराच्या नळीतून येणारी गरम हवा लांबच्या प्रवासात टायर वितळवू शकते. सायकली पुन्हा उतरल्या. अण्णांनी टेप मागवला.

यानंतर खुळखुळ्याचा प्रश्न. एका नळीत दुसरी नळी सरकायची तर मधे सूतभर फट हवीच, आणि फट आहे म्हणजे वाजणारच. त्यासाठी एक बोल्ट असतो, तो आवळला की आतला दांडा एका कोपऱ्यात दाबून बसतो. मी आवळला. अण्णांनी उठून सायकलीला धरून हलवलं आणि गाडीच हलली. “आता बरोबर,” ते म्हणाले. रॅक हलवला तर गाडी हलली पाहिजे, ही खरोखरच या शास्त्रातली परीक्षा आहे. त्यांना ती कोणी शिकवली नव्हती.

माझ्या मनात नंबरप्लेटची धाकधूक होती. मिशिगनमध्ये गाडीला नंबरप्लेट एकच, तीही मागे, आणि तीन सायकलींआड ती पार अज्ञातवासात गेली होती. पण या राज्याने या बाबतीत सखोल विचार केलेला आहे. ट्रेलर ओढायच्या गोळ्यामुळे नंबर झाकला जाणं हा गुन्हा आहे का, हा प्रश्न इथे थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ साली न्यायालयाने गाडीवाल्याच्या बाजूने कौल दिला. पुढे कायद्यातच लिहून टाकलं, की मागे लावलेला गोळा, सायकलचा रॅक किंवा त्यावरचं सामान यामुळे नियमभंग होत नाही. इतर राज्यांत असं असेलच असं नाही, त्यामुळे सायकली लावून मी अजून ओहायोची हद्द ओलांडलेली नाही.

निघालो मॅकिनॉ बेटाकडे. आय-७५ धरून उत्तरेला तीनशे मैलांच्या आत-बाहेर. आरशात रस्ता दिसत नव्हता, सायकलीच दिसत होत्या. सत्तर मैलांच्या वेगाने तीन सायकली आपला पाठलाग करतायत आणि अंतर अजिबात वाढत नाही, असं पाच तास बघत राहणं हा वेगळाच प्रकार आहे. २०१८च्या मे महिन्यापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागे कॅमेरा सक्तीचा आहे. आमच्या कॅमेऱ्यात मुलीच्या सायकलीचं मागचं चाक अतिशय सुस्पष्ट दिसतं. रिव्हर्स टाकला की सेन्सर किंचाळतो, कारण त्याच्या मते आम्ही कायमच तीन सायकलींवर आदळायच्या बेतात असतो. वाटेत प्रत्येक थांब्यावर मी उतरून पट्टे ओढून पाहिले. अण्णाही उतरून पाहत होते, मी ओढलेले.

मॅकिनॉ सिटीच्या धक्क्यावर पोचलो. इथून पुढे बोट, कारण बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी आहे. बेटाला वळसा घालणारा एम-१८५ हा राज्य महामार्ग ८.२ मैलांचा, आणि त्यावर फक्त सायकली, घोडे आणि पायी चालणारे. गाडी धक्क्याच्या पार्किंगमध्ये लावली, सायकली उतरवल्या, नकली दांडी काढून डिकीत टाकली, सायकलींची वेगळी तिकिटं काढली. अण्णांनी रिकामी गाडी आणि मागे हात पसरून उभा राहिलेला रॅक बघून घेतला.

“म्हणजे ही गाडी सायकलींना पोचवायला आली होती.”

कोणी उत्तर दिलं नाही. बोटीतून उतरल्यावर घोड्यांच्या लिदीचा आणि फजच्या मिठाईचा असा मिश्र वास आला, की अण्णांना एकदम मिरजेचा टांगास्टँड आठवला. आम्ही खाली केलेल्या सीटा पुन्हा वर करत होतो, मुलीच्या ब्रेकची वायर ओढाओढीत सुटली होती ती बसवत होतो. तेवढ्यात अण्णा समोरच्या दुकानात गेले. धक्क्यासमोर भाड्याच्या सायकलींची दुकानंच दुकानं आहेत. त्यांनी एक निवडली, घंटी वाजवून पाहिली, टांग मारली आणि “होऊ द्या तुमचं सावकाश” म्हणून ह्युरन सरोवराच्या कडेने निघून गेले. आम्ही सज्ज झालो तेव्हा ते दिसेनासे झाले होते.

परतताना पार्किंगमध्ये शेजारी एक सत्तरीचं जोडपं आपल्या ई-बाइक चढवत होतं. बाई बॅटऱ्या काढून गाडीत ठेवत होत्या, बुवांनी रॅकमधून एक उतरती फळी बाहेर ओढली, सायकल तिच्यावरून ढकलत वर नेली, आकडा दाबला, संपलं. आम्ही तेव्हा नकली दांडी शोधत होतो. बायकोने ते दृश्य पूर्ण पाहिलं. घरी पोचेपर्यंत ती फारशी बोलली नाही.

नंतर बोलली. ई-बाइक छान असते, चढ कळत नाही, गुडघ्यांना बरी. मी वजन पाहिलं: साठ-पासष्ट पौंड. तेवढी जड सायकल टांगता येत नाही, तिला चाकांवर उभी करणारा खानदानी रॅक लागतो. त्यावर तीन सायकली न्यायच्या तर दोन इंची हिच लागतो. दोन इंची हिच नीट पेलायचा तर गाडी मोठी लागते. त्यामुळे सध्या दर शनिवारी आम्ही मोटारींच्या शोरूममध्ये जातो. सेल्समन उत्साहाने पुढचं दार उघडून मोठा स्क्रीन दाखवायला लागतो, तापणाऱ्या सीटांबद्दल सांगतो, आणि मागे वळून बघतो तर गिऱ्हाईक जागेवर नसतं. मी, बायको आणि मुलगी गाडीच्या मागे गुडघे टेकून बुडाखाली वाकलेले असतो, आणि व्हिडिओ कॉलवर सांगलीहून अण्णा विचारत असतात, “सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे?”