प्रेरणेला तगादा लागतो

हल्ली साहित्याच्या कार्यक्रमात पुस्तकापेक्षा लेखकाच्या दिनचर्येलाच जास्त भाव आहे. कराडात तर आयतीच सोय आहे. पाहुणे लेखक दुपारी उतरतात, संध्याकाळी त्यांना प्रीतिसंगमावर नेतात, समोरासमोर येऊन भेटणाऱ्या कृष्णा-कोयना दाखवतात, आणि रात्री व्यासपीठावरून ते सांगतात की संगम पाहिला आणि आत काहीतरी हललं. (मधे भेळही झालेली असते, त्यामुळे नेमके काय हलले, याच्या तपासात कोणी पडत नाही.) मग पहाटे चारचे उठणे येते, ठरावीक शाईचे पेन येते आणि शेवटी 'मी लिहीत नाही, पात्रंच लिहवून घेतात' हे वाक्य येते. पात्रे एवढी कर्तबगार असतील तर मानधनाचे पाकीट त्यांच्याच हाती द्यायला हवे. माझे म्हणणे एवढेच की लेखनप्रक्रियेवरची मुलाखत हा आपल्या लेखकांचा सर्वांत कल्पक वाङ्मयप्रकार आहे. लिहायला लावतात ते तिघे वेगळेच: तारीख, पोट आणि ग्रंथालय.

पहिल्या साक्षीदारासाठी फार लांब जायला नको. माडगूळचे गदिमा घ्या. 'गीतरामायण' 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर सुरू झाले आणि दर आठवड्याला नवे गीत द्यायचे ठरले. आधीचा हिशेब 52 गीतांचा होता. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीते 56 झाली. प्रतिभा पंचांग पाहून वाढते, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही. पहिल्याच गीताचा कागद गहाळ झाला, ध्वनिमुद्रणाची वेळ आली, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि पंधरा मिनिटांत गीत बाहेर आले, असा किस्सा सांगतात. तिखटमीठ वजा केले तरी कडी उरतेच.

पोटाचा साक्षीदार वाटेगावचा: अण्णा भाऊ साठ्यांना तर शाळाही धड लाभली नाही. मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून त्यांनी 'फकिरा' कादंबरी लिहिली आणि 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. लेखनासाठी डोंगरावरचा बंगला लागतो म्हणणाऱ्यांनी त्या झोपडीचे भाडे विचारावे. संशोधनाचे म्हणाल तर दुर्गा भागवतांना आठवा. आदिवासी भागात अभ्यासाला हिंडताना त्यांना विषबाधा झाली, कित्येक वर्षे अंथरुणात गेली. उठल्या त्या पुन्हा एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन बसल्या. आजचा कादंबरीकार शेतकऱ्याच्या बांधावर एक फोटो काढतो आणि मनोगतात त्याला 'क्षेत्रीय अभ्यास' म्हणतो. याच दुर्गाबाई 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा आणीबाणीविरोध. बाई किती वाजता उठत, हे कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून मराठीचे काही अडलेही नाही.

कोणी म्हणेल, हा निव्वळ कारकुनी विचार झाला. तगाद्याने मजकूर भरतो, साहित्य होत नाही. कबूल. नुसत्या तगाद्यातून काय निपजते, ते दिवाळी अंक दरवर्षी दाखवतातच. गदिमांच्या आत रामकथा मुरलेली होती, म्हणून कडीचा उपयोग झाला. रिकाम्या माणसाला कोंडले तर तो झोपेल. पण मुरलेले असूनही सवडीची वाट पाहिली तर काय होते, तेही कराडकरांना माहीत आहे. यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळता सांभाळता 'कृष्णाकाठ' 1984 साली आले आणि त्याच नोव्हेंबरात ते गेले. हकिकत 1946 पर्यंत येऊन थांबली आहे. पुढची दिल्ली आपल्याला त्यांच्या तोंडून मिळालीच नाही. दुसरा आक्षेप असा की नवोदितांना अशा मुलाखतींतून मार्गदर्शन होते. होते ना! ते पेन विकत घेतात.

म्हणून संयोजकांना विनंती, पुढच्या वेळी लेखकाच्या शेजारी त्याच्या संपादकालाही खुर्ची द्या. लेखक 'प्रेरणा' म्हणाला की संपादकाने त्या महिन्यात किती फोन केले ते सांगावे. मानधन दोघांत निम्मे निम्मे वाटावे.