‘कृपया आपले इंटरनेट कनेक्शन तपासा’ हे वाक्य लिहिणाऱ्यास

आमच्या हिशोबाच्या प्रोग्रामात हे वाक्य बसवणाऱ्या अनामिक इंजिनिअर साहेबांस,



तपासलं. तुम्ही सांगितलंत आणि आम्ही तपासलं नाही, असं इचलकरंजीत होत नाही. ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल उघडत होतं, बँक उघडत होती. ज्यांचं रिटर्न भरायचं होतं ते यंत्रमागवाले काका समोरच्या खुर्चीत बसून, त्याच वायफायवर, मोबाईलमध्ये कुस्ती बघत होते. फक्त तुमचा प्रोग्राम तेवढा रुसला होता. तारीख २०. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. चुकला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. अशा दिवशी ‘कृपया’ म्हणून सुरुवात केलीत, संस्कार दिसले.

‘मदत’ हे बटणही दाबून पाहिलं. ते मदतीचं पान आणायला इंटरनेटवर जातं आणि तुमचंच वाक्य घेऊन परत येतं. मग हेल्पलाइन. राउटर बंद करून चालू करा, अँटिव्हायरस बंद करा, आणि शेवटी रामबाण: “मॅडम, अनइन्स्टॉल करून परत टाका.” डेटा जाईल का, विचारलं. “सहसा नाही जात.” त्या ‘सहसा’वर मी फोन ठेवला.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळवत नाही ती गोष्ट निराळीच आहे. बिघाड कुठे आहे, हे तुम्हाला माहीत होतं.

प्रोग्राम बाहेर जायला निघतो आणि अडतो, तेव्हा विंडोज त्याच्या हातात एक आकडा ठेवते. १२००७ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडला नाही, बिघाड डीएनएसकडे. १२००२ म्हणजे वाट बघून वेळ संपली. १२०२९ म्हणजे जोडणीच झाली नाही. १२१७५ म्हणजे सुरक्षित जोडणी फसली. प्रमाणपत्र पाहा, घड्याळ पाहा. आमच्या पोस्टमनलाही टपाल परत आणताना पाकिटावर शेरा मारावा लागतो: घर बंद, पत्ता अपूर्ण, घेण्यास नकार. तुम्ही तो शेरा वाचता, पुसता, आणि पाठवणाऱ्यालाच सांगता की बाई, तुमचं पेन तपासा.

आणि कनेक्शन आहे की नाही, हे तरी मला का विचारायचं? विंडोज ते आपलं आपण बघते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून २२ अक्षरांची एक फाईल मागवते; आली तर नेट आहे, नाही आली तर कोपऱ्यात खूण करते. त्या दिवशी कोपऱ्यात सगळं आलबेल होतं. तुम्ही शेजारी डोकावून पाहिलं असतंत तरी हे वाक्य घशातच राहिलं असतं.

झालं होतं काय, ते आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोरानं शोधलं. माझं मशीन एका सूतगिरणीच्या ऑफिसातून जुनं घेतलेलं. तिथलं नेट एका प्रॉक्सीमधून, म्हणजे मधल्या एका मशीनमधून, जायचं. विंडोजमध्ये प्रॉक्सीची नोंद दोन ठिकाणी असते: एक ब्राउझर वाचतो, दुसरी पडद्यामागे चालणारे प्रोग्राम वाचतात. पहिली कोणीतरी पुसली होती, दुसरी राहिली. तुमची जुनी आवृत्ती पहिली नोंद वाचायची; नवी, जी तुम्ही ऐन रिटर्नच्या आठवड्यात आपणहून माझ्या मशीनवर चढवलीत, ती दुसरी वाचते. म्हणजे प्रोग्राम सगळा दिवस त्या गिरणीतल्या मशीनचा पत्ता शोधत होता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोरानं काळ्या खिडकीत ‘नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ लिहिलं, पत्ता दिसला, मग ‘शो’च्या जागी ‘रिसेट’. चहा गार व्हायच्या आत रिटर्न गेलं.

याच एका वाक्याखाली आणखी काय काय झाकता तुम्ही! मदरबोर्डवरचा सेल संपून घड्याळ मागे गेलं, फायरवॉलनं नव्या आवृत्तीला ओळख दिली नाही, जुन्या विंडोजला सुरक्षित जोडणीची टीएलएस १.२ ही पद्धत जमेना, तरी कनेक्शन मीच तपासायचं. ३० सप्टेंबर २०२१ ला वेबसाइटींना प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभर जुनी उपकरणं, जुने प्रोग्राम अडले. त्या लोकांच्याही वायरी धडधाकट होत्या. आणि तुमचाच सर्व्हर बंद पडतो तेव्हा? तेव्हाही माझंच कनेक्शन!

आता अहो-जाहो पुरे. तुला कळतं का रे, हे वाक्य वाचून माणसं काय करतात? ती वाक्यावर विश्वास ठेवतात. नेटवाल्याला फोन करून शिव्या घालतात, तो बिचारा खांबावर चढतो. नवा राउटर आणतात. वयस्क माणसं तर ‘मलाच हे जमत नाही’ म्हणून मशीनसमोरून उठतात. ज्यांनी पोटाला चिमटा काढून तुझ्या प्रोग्रामची वर्गणी भरली, त्यांना तू खोटं सांगतोस, तेही नम्रपणे.

राग आणखी एका कारणानं येतो: प्रॉक्सी काय चीज आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? कंपनीत नवा लॅपटॉप हातात पडला की काहीही डाउनलोड करताना आधी ऑफिसच्या प्रॉक्सीशी झगडावं लागतं, असं माझा भाचा हिंजवडीहून सांगतो. तोही तुझ्याच धंद्यातला. त्याच्या तोंडून ऐकलं, की पहिल्यांदा संदेश लिहितात तेव्हा त्यात आकडा असतो. मग मीटिंगमध्ये कोणी साहेब म्हणतात, ग्राहक घाबरतील, काढून टाका. रिलीज उद्यावर आलेलं असतं. बाकी सगळ्या चुकांना एकच वाक्य लावून पोरगं रात्री उशिराच्या बसनं घरी जातं. तूही तसाच गेला असशील, तर बाबा, माझ्या शिव्यांतल्या निम्म्या तुझ्या साहेबांकडे वळव.

पुढच्या आवृत्तीसाठी वाक्य मीच लिहून देते, भाषांतराचा खर्च नको: ‘प्रॉक्सी १९२.१६८.१.५०, पोर्ट ८०८० कडून उत्तर नाही. प्रॉक्सीची नोंद तपासा. त्रुटी १२०२९.’ मला यातलं अर्धं कळणार नाही. गल्लीतल्या पोराला सगळं कळेल, फोनवरच. साहेब पुन्हा म्हणाले की ग्राहक घाबरतील, तर त्यांचा नंबर पाठव. मी बोलते त्यांच्याशी.

कळावे,
आपली कनेक्शन असलेली ग्राहक,
इचलकरंजी